ओठांत सात टाचण्या

गल्लीत एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जायची. टेलरआजोबांचं आणि सिनेमातल्या त्या विनोदी नटाचं म्हणे हाडवैर होतं, म्हणून नट गेल्याची बातमी आली तरी म्हाताऱ्यानं मशीनसुद्धा थांबवलं नाही.

मशीन थांबलं नाही, एवढं खरं. बाकी सगळी थाप. मशीनवर त्या नटाचीच विजार होती. बावीस वर्षं आजोबांनी त्याच्या विजारी शिवल्या, त्या प्रसिद्ध ढगळ, कमरेत दोन माणसं मावतील अशा. बावीस वर्षं त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून, ओठांत सात टाचण्या धरून विजारीच्या पायांची मोहरी दुमडली. ओठांत टाचण्या असलेला माणूस हसत नाही. हसला तर गिळतो. लोकांनी ते तोंड पाहिलं आणि वैर ठरवून मोकळे झाले.

नटाला मात्र तेच तोंड हवं असायचं. पडद्यावर धडाधड आपटणारा तो माणूस एरवी भलताच घाबरट. माप द्यायला तासभर आधीच यायचा, नवा विनोद पहिल्यांदा आजोबांवर चालवून बघायचा आणि विचारायचा, “मास्तर, हलल्या का?”

आजोबा मानेनंच नाही म्हणायचे. मग स्वारी कोपऱ्यात जाऊन तोच विनोद पुन्हा घासूनपुसून आणायची. टाचण्या थरथरल्या, की खुशाल कॅमेऱ्यापुढे.

नातीनं हे शंभरदा ऐकलं होतं. तिला घरात ‘रेडिओ’ म्हणायचे, कारण मुख्याध्यापिकेपासून दूधवाल्यापर्यंत ती कुणाचाही आवाज काढायची. रविवारी हॉलमध्ये नटाची शोकसभा होती आणि तिथे तिला त्याची नक्कल करायची होती. आजोबा काही केल्या हो म्हणेनात.

“फसलीस तर हसं त्याचं होईल, तुझं नाही.”

“लावा पैज! धरा टाचण्या. एक जरी हलली तर स्टेजवर मी.”

“आणि नाही हलली तर?”

“तर तुम्ही जा. आणि वर सांगाल ते ऐकेन.”

आजोबांनी सात मोजून धरल्या. रेडिओ सुरू झाली. घोगरा आवाज झाला, लटपटते पाय झाले, खुर्चीवरून कोलमडणंही झालं. दारात आलेली शेजारीण चौकट धरून हसत सुटली. टाचण्या मात्र भिंतीत ठोकल्यासारख्या.

“हा पडद्यावरचा झाला गं,” टाचण्या काढून आजोबा म्हणाले. “तो सगळ्यांनाच येतो. आता तू धर बघू.”

मशीनवरची विजार त्यांनी आपल्या विजारीवरच चढवली आणि तो माप द्यायला उभा राहायचा तसे उभे राहिले. पोट आत, हात अधांतरी. एक पाय उचलला, तोल गेला, काही झालंच नाही असा चेहरा केला. मग निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखं खाली बघत, पडद्यावर कुणी कधी न ऐकलेल्या बारीकशा आवाजात विचारलं, “मास्तर, हलल्या का?”

सातही टाचण्या फरशीवर.

रेडिओ हसून हसून खाली बसली. आजोबा विजार सावरत म्हणाले, “नीट वेच, टोचतील. आणि रविवारी पहिल्या रांगेत बसायचं, ह्याच सात घेऊन. नाहीतर स्टेजवरून मी विचारू कुणाला?”