पळालेल्या बाईचा कागद

सकाळी साडेसातला गफूरभाईंच्या मुलीचा, रेहानाचा फोन आला. अमरावतीला आमच्या घरी चहा चालू होता. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मग बराच वेळ मागचे बायकांचे आवाज तेवढे ऐकू येत राहिले. कधी, असं मी विचारलं. "फजरच्या नमाजेले उठवाले गेली, तं..." मिळेल त्या एसटीने निघालो. दर्यापूरला गाडी बिघडली, दुसरी येईपर्यंत तासभर गेला, आणि अकोटला पोचलो तेव्हा गफूरभाईंची माती होऊन गेली होती. माणसं कब्रस्तानातून दोघं-तिघं करत परतत होती. मी त्यांच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. एक म्हातारे गृहस्थ थांबले, म्हणाले, "तुमी कॉलेजातले सर ना? गफूरभाईचे दोस्त?" मी हो म्हणालो. पण ते हो म्हणणं मला जड गेलं... का गेलं, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

गफूरभाई अकोटच्या बाजारात पुस्तकं बांधायचे. मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि ग्रंथालयाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे फाटक्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन मला त्यांच्याकडे जावं लागे. पहिल्याच भेटीत कळलं की हा माणूस पुस्तकं नुसती शिवत नाही, वाचतोही. कादंबरी बांधायला दिली तर परत देताना म्हणायचे, "सर, शेवट फसला याचा." शाळा सातवीपर्यंतच झालेली. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी, आणि लिहायला बसले की स्वच्छ, ताठ मराठी. मोडी लिपी त्यांनी कोणाकडून शिकली नव्हती. जुन्या पोथ्यांचे पुठ्ठे म्हणजे रद्दी कागदांचे थर खळीने एकावर एक चिकटवलेले असत. गफूरभाई ते पुठ्ठे फेकत नसत. पाण्यात भिजवून थर सुटे करायचे, दोरीवर वाळत घालायचे आणि त्यावरचं मोडी एकेक अक्षर लावत वाचायचे. अशी पंधरा वर्षं गेल्यावर त्यांना मोडी वर्तमानपत्रासारखी वाचता येऊ लागली.

एकदा आमच्या गावच्या घरातली एक जुनी पोथी मी त्यांच्याकडे दिली. आठवड्याने निरोप आला. गेलो तर दुकानात शिरायच्या आत त्यांचा आवाज आला, "या सर. तुमच्या घरची बाई सापडली."

पोथीच्या पुठ्ठ्यातून एक पत्र निघालं होतं. दोनशे वर्षांमागे इंग्रजांची नागपूरकरांच्या फौजेशी लढाई झाली, अडगावचं मैदान हातचं गेलं आणि मग गाविलगडाला वेढा पडला, हे आम्ही सगळे शाळेत शिकलो होतो. मुलूख लुटला जाणार म्हणून त्या वेळी आमच्या एका पूर्वजाने आपलं किडूकमिडूक आणि माणसं गडावर हलवली होती. त्या माणसांत एक कुणबीण होती. या शब्दाचा कुणबी जातीशी संबंध नाही. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, घराच्या मालकीची बाई. आमच्या भागात म्हातारी माणसं बटीक म्हणत. वेढ्याच्या गडबडीत ही बाई लहान मुलगी काखेत घेऊन गडावरून पळाली. आणि किल्ला पडून, इतकी माणसं मरून, सगळं उद्ध्वस्त झाल्यावर माझ्या त्या पूर्वजाने अचलपूरच्या एका कारभाऱ्याला पत्र लिहिलं होतं, ते तिला धरून पाठवा म्हणून. तिच्या खुणा दिल्या होत्या. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, डाव्या कानाची पाळी फाटलेली. त्याच पत्रात एक हरवलेली घोडीही होती. घोडीचं नाव लिहिलं होतं, चंपा. बाईचं नाव नव्हतं.

मी म्हणालो, "आमच्याकडे असं काही नव्हतं हो, गफूरभाई."

"सर, तुमाले काहून वाईट वाटून राहिलं? तुमी थोडीच घेतली होती विकत." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे वाचा. बाई नाई सापडली तरी चालंन, पोरगी मातर जिवंत पाठवा म्हणते." त्यांनी अगदी हळू विचारलं, "पोरगी कोनाची असंन, सर?"

उत्तर दोघांनाही कळलेलं होतं.

तिथून पुढे नऊ वर्षं गफूरभाईंनी त्या बाईची कादंबरी लिहिली. ती कोण होती हे कधीच कळणार नव्हतं, म्हणून ती कशी पळाली असेल एवढं तरी खरं लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आम्ही परतवाड्याहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून चिखलदऱ्याला जायचो आणि गडावर दिवसभर हिंडायचो. खळीच्या आणि कागदाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं केव्हाच कामातून गेली होती. दहा पावलं चढले की थांबायचे, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायचे. तरी उत्तरेच्या उतारावरून खाली जंगलात उतरायला किती वेळ लागतो हे त्यांना स्वतः उतरून बघायचं होतं. एकदा त्यांनी नऊ-दहा किलो ज्वारी पिशवीत भरून आणली आणि ती कडेवर घेऊन उतरले. "दोन वरसाची पोरगी एवढी भरते," म्हणाले. अर्ध्या वाटेत बसले ते तासभर उठले नाहीत. ओठ निळे पडले होते. मी रागावलो, तर म्हणाले, "तिले तं बसताबी आलं नसंन."

ही ती वर्षं होती, जेव्हा आमच्या भागात कापसाने माणसाला उभं राहू दिलं नाही. रोज सकाळी पेपरात, कुणा शेतकऱ्याने जीव दिला म्हणून, एखाद्या गावाचं नाव यायचं आणि गाव ओळखीचं आहे का, एवढंच आम्ही बघायचो. नंतर तेही बघेनासे झालो. सरकीची पोती घेऊन बैलगाड्या उभ्या असायच्या त्या नाक्यावर आता माणसं भरलेले ट्रक उभे राहू लागले. घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघाली होती.

त्याच काळात शेवंता गफूरभाईंच्या दुकानात आली. अकोटजवळच्याच एका खेड्यातली, तिशीतली बाई. मुलीला शाळेत परत घालायचं होतं आणि तिचा भिजून लगदा झालेला दाखला वाचता येईल असा करून हवा होता. दाखला असा का भिजला म्हणून गफूरभाईंनी विचारलं, तेव्हा ती सांगू लागली. मी तिथेच बसलो होतो. मध्यप्रदेशातल्या एका भट्टीवर ती, नवरा आणि मुलगी कामाला गेली होती. तिथे मुकादमाने कोणाला बाहेर जाऊ दिलं नाही. बाजारालाही माणूस सोबत. नवऱ्याच्या पायावर विटांची गाडी उलटली तरी दवाखान्यात नेलं नाही. तेव्हा नवराच म्हणाला, तू पोरीला घेऊन निघ. नदी ओलांडताना दाखला भिजला.

"रातच्यानं निघाली का?" गफूरभाईंनी विचारलं. तोवर त्यांच्या कादंबरीतली बाई अंधारातच पळत होती.

"नाई जी. दुपारच्याले. रातीले समदे चौकस रायतात. दुपारी जेवले का मानसं आडवे होतात."

"अन् पोरगी रडली नाई?"

"तोंडात गुळाचा खडा ठेवला होता. गूळ हाय तोवर लेकरू रडत नाई. मी खडे मोजून घेतले होते... मंग सरले."

गफूरभाईंनी त्या आठवड्यात चार प्रकरणं फाडली आणि नव्याने लिहिली. बाई आता भर दुपारी पळू लागली, तोफा जेवणापुरत्या थांबल्या तेव्हा. ते मला वाचून दाखवायचे आणि मी ऐकताना अंग आकसून बसायचो. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण एवढं खरं मी कमी वाचलं आहे. शेवटी ती जंगलातल्या एका वस्तीवर पोचते, कोणी तरी तिला नाव विचारतं आणि ती स्वतःला एक नाव ठेवते, असा शेवट होता. पुढच्या दिवाळीनंतर मी गेलो तर ते दुकानात नुसते बसून होते. समोर काम नव्हतं.

"शेवंता परत गेली, सर."

"कुठे?"

"भट्टीवर. त्याच नाई, दुसऱ्या. पोरीले घेऊन. सोताच्या पायानं गेली. नवऱ्याचा पत्ता नाई, गावात काम नाई, भावानं घरात घेतलं नाई." मग म्हणाले, "कुठून पळाचं, हे मानसाले मालूम असते. कुठं जाचं, ते नाई ना मालूम... मी लिवलेला शेवट खोटा हाय."

त्यानंतर त्यांनी तो शेवट किती वेळा बदलला असेल, देव जाणे. तरी अमरावतीच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित वाचलं आणि छापायचं कबूल केलं. गफूरभाईंची एकच अट होती. सुरुवातीला त्या पत्राचं छायाचित्र हवं आणि ते कुठल्या घरातून आलं ते लिहिलेलं हवं. मी आनंदाने होकार दिला. गावी जाऊन काकांनाही सांगितलं. अंबादासकाका आमच्या घरातले मोठे, चुलतबहिणीच्या लग्नाची बोलणी त्या वेळी चालली होती.

"आपल्या घरी बटीक होती, अन् तिले आपल्याच घरचं लेकरू होतं, हे तू जगाले सांगून राहिला?" काका म्हणाले. "अन् लिवणारा कोण, तं बाइंडर?"

"काका, दोनशे वर्षांची गोष्ट आहे."

"मंग दोनशे वरसं कोणी नाई सांगतली, तं तुलेच काहून सांगाची हाय? तो कागद आपल्या पोथीतला. घेऊन ये."

मी भांडायला हवं होतं. मी त्या वेळी चाळीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. तरी अकोटला गेलो आणि गफूरभाईंना म्हणालो की घरच्यांना एकदा पत्र बघायचं आहे, चार दिवसांत आणून देतो. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग कपाटातून पत्र काढलं, पातळ कागदात गुंडाळलं, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला आणि माझ्या हातात दिलं. त्याची झेरॉक्सही नव्हती. त्या यंत्राच्या उजेडाने जुनी शाई उडते, म्हणून त्यांनी कधी काढली नव्हती. काकांनी सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला असताना ते पत्र त्यात टाकलं. मी शेजारी उभा होतो. त्यांचा हात धरता आला असता.

गफूरभाईंनी चार दिवसांनी विचारलं नाही, महिन्याने विचारलं नाही. प्रकाशकाला त्यांनी कळवून टाकलं की पुस्तक थांबवा. कागद दाखवल्याशिवाय छापलं तर मुसलमान बाइंडरने आमच्यासारख्या पाटलाच्या घरावर किटाळ रचलं म्हणतील, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. माझी अमरावतीला बदली झाली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आमच्या भेटी वर्षाकाठी एक-दोन उरल्या. ते तसेच हसून चहा मागवायचे. कादंबरीचा विषय दोघंही काढत नव्हतो.

शेवटची भेट ते जाण्याच्या दोन महिने आधीची. ते पलंगावर उशांना टेकून बसलेले, शेजारी ऑक्सिजनची टाकी. बोलता बोलता एकदम म्हणाले, "सर, कागद जाळला का?"

मी मान हलवली.

"मले वाटलंच." दम घेऊन म्हणाले, "एका परीनं बरं झालं. तिले धरून आणा म्हणून लिवलेला तेवढाच एक कागद होता. आता तिले कोणी धरू शकत नाई." मी मान वर केली, तर ते माझ्याकडे बघत नव्हते. "पण सर... ती होती, हे सांगणाराबी तेवढाच एक कागद होता ना."

मी माफी मागितली नाही. शब्द तोंडाशी आले होते. रेहाना औषध घेऊन आत आली आणि मी उठलो.

मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी पुन्हा अकोटला गेलो. पाहुणे पांगल्यावर रेहानाला म्हणालो की हस्तलिखित मला दे, मी छापून आणतो, आमच्या घराचं नाव घालून, पत्र मीच कसं घालवलं तेही लिहितो. रेहाना शाळेत शिकवते. वर्गात बोलावं तसं शांत बोलली.

"नाई काका. तुमाले नाई देत."

"अब्बांनी सांगितलं होतं का तसं?"

"त्याइनं तुमाले कधी नाव नाई ठेवलं. हे माझं हाय. तुमी आज मनापासून म्हणून राहिले, मले मालूम हाय. पण उद्या घरचं कोणी काही म्हणन, अन् तुमी ऐकान. मी एक कागद जाताना पायला. दुसरा नाई पाहू शकत."

ती म्हणाली त्यात चूक काहीच नव्हतं. म्हणून निदान एवढं इथे लिहून ठेवतो. ती बाई आमच्या घरची होती. तिची मुलगी आमच्या रक्ताची होती. याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि तो माझ्यामुळे नाही.

रेहाना चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी घराला लागूनच असलेल्या दुकानात गेलो. कोपऱ्यात त्यांचा शिकंजा होता, शिवलेलं पुस्तक दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. त्यात कुठल्या तरी शाळेचा हजेरीपट अजून तसाच होता, त्यांनी बांधलेला शेवटचा. शाळेतून दोनदा माणूस येऊन गेला, रेहाना आतून म्हणाली, पण काढायला हात होत नाही. मी चाक फिरवून पाहिलं. गफूरभाईंनी ते पूर्ण जोर लावून आवळलं होतं. माझ्याने ते हललं नाही.