दादानं पाटीवर लिहिलं होतं

दिवाळीच्या सुट्टीत मी मेहकरला गेले, ती दादाची आणि माझी शेवटची भेट. भाऊबीज झाली होती, ओवाळणीचं ताट अजून पाटाजवळच होतं आणि वहिनी आत चिवड्याचा डबा शोधत होत्या. दादा दवाखान्याच्या दाराकडे बघत बसला होता. एकदम म्हणाला, "कुसुम, त्या दिवशी मी पाटीवर लिहिलं होतं का व? मले लिहिल्यासारखं वाटते, पन नक्की आठवत नाही..." कोणता दिवस ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दहा वर्षं होत आली, तरी आमच्या घरात 'तो दिवस' एकच होता. मी ताटातली सुपारी उचलून पुन्हा जागेवर ठेवली आणि म्हटलं, "मलाही आठवत नाही रे दादा." त्यानंतर तीन आठवड्यांनी चिखलीला माझ्या शाळेत निरोप आला. सातवीचा इतिहासाचा तास चालू होता. दादा दवाखान्यातल्या खुर्चीतच, पेशंट तपासता तपासता गेला होता. एसटीत बसल्यावर तरी रडू यायला हवं होतं. पण मेहकर येईपर्यंत डोक्यात माझंच वाक्य घोळत राहिलं... मलाही आठवत नाही.

मला सगळं आठवतं. आज ते लिहिते आहे, कारण ज्याला सांगायचं होतं तो आता नाही.

नवं राज्य झालं त्या सुमारास दादानं मेहकरला घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला. मी तेव्हा त्याच्याकडेच राहून गावातल्या शाळेत शिकवत होते. सहा दिवस हा माणूस पांढऱ्या शर्टात मान खाली घालून काम करायचा आणि रविवार उजाडला की शाळा सुटलेल्या पोरासारखा व्हायचा. खाकी हाफपँट, डोक्याला पंचा, पुढे सुटलेलं पोट... अशा थाटात तो बाजारपेठेतून छकडा हाकत निघाला की दुकानदार तोंडावर हात ठेवून हसायचे आणि वहिनी लाजून पाठमोऱ्या बसायच्या. त्याला त्याचं काही नाही. पैनगंगेवर, गावापासून दीडेक कोसावर एक डोह होता, काठाला सादड्याची मोठमोठी झाडं. तिथं रविवारी वहिनींनी चुलीला हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा. तो स्वतः गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचा. ते बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक असायचे, आणि ते फक्कड झालेत असं सगळ्यांनी म्हणायचं, हाही कायदाच. मग मंदाला, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकीला, खांद्यावर घेऊन सुगरणींची घरटी दाखवत हिंडायचा. त्या पोरीवर त्याचा फार जीव होता. शेजारच्या खोलीत बापाचा आवाज ऐकू येतो, पण बाप वाट्याला येत नाही, हे त्याला कळत होतं. म्हणून रविवार तिचा.

पण पूर्ण रविवार त्याला स्वतःलाच घेववत नसे. दवाखान्याच्या दाराशी खिळ्याला एक काळी पाटी टांगलेली होती. बाहेर पडताना तो तिच्यावर खडूनं लिहायचा, 'डोहावर आहे. सादड्याखाली. अडलं असेल तर या.' आणि लोक यायचे. सायकलीवरून, बैलगाडीतून, कधी पायी. दादा अर्धा रोडगा तोंडात कोंबून त्यांच्याबरोबर निघायचा. या पाटीची गावाला इतकी सवय झाली होती की तिच्यावर काही लिहिलेलं नसेल, तर त्याचाही अर्थ ठरून गेला होता. पाटी कोरी म्हणजे डॉक्टर गावातच कुणाला तरी बघायला गेलेत, बसा पायरीवर, येतीलच एवढ्यात. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. पण त्या सकाळी ते आठवणं माझ्या सोयीचं नव्हतं.

ते फाल्गुनाचे दिवस होते. मंदाला पोहायला शिकवायचं दादानं कबूल केलं होतं. सुका भोपळा आणून, त्याला दोरी बांधून ठेवली होती, आणि ओळीनं चार रविवार भोपळा कोरडाच घरी परत आला होता. चौथ्या खेपेला मंदानं भोपळा माळ्यावर फेकून दिला. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी तशीही तापटच. पाचव्या रविवारी दादानं पाटीवर नेहमीसारखं लिहिलं आणि तो छकडा जुंपायला गेला. कुलूप लावायला मी मागे राहिले होते. म्हटलं, एक दिवस, फक्त एक दिवस या माणसाला कुणी शोधू नये. आणि पदराच्या टोकानं पाटी पुसून टाकली. पदराला लागलेला खडू झटकला आणि जाऊन छकड्यात बसले.

त्या दिवशी कुणी आलं नाही. मंदा दुपारपर्यंत भोपळ्याशिवाय हात मारायला लागली आणि दादा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून टाळ्या पिटत होता. "वहिनी, पाहून राह्यल्या का तुमच्या डॉक्टरले!" असं मीच ओरडले. इतका हसताना मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

ऊन उतरल्यावर घरी आलो. पायरीवर जानेफळचा एक बांगड्या विकणारा बसला होता. मांडीवर चारेक वर्षांची मुलगी, तिच्यावर त्याचा रुमाल पांघरलेला. घटसर्प होता. तो सकाळी नऊलाच आला होता आणि मुलगी दुपारी गेली होती. गावात सरकारी दवाखाना होता, सकाळीच तिथं नेली असती तर... पण त्याची गरज त्याला वाटली नाही, आमचा छकडा जाताना पाहिलेल्या शेजाऱ्यांनाही नाही; डॉक्टर वाटेतूनच गावात कुणाकडे तरी वळले असतील, असं त्यांनी धरलं. दुपारी तिचा श्वास घरघरायला लागला तेव्हा शेजारी धावले, पण तोवर उशीर झाला होता. तो दादावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "पाटी कोरी व्हती सायेब. म्हून बसून राह्यलो."

दादानं पाटीकडे बघितलं. मग म्हणाला, "माह्या हातून चूक झाली, भाऊ. मी लिहायचं विसरलो." मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

मी ते उघडलं नाही. उद्या सांगू म्हटलं, घर जरा सावरू दे म्हटलं, मग वर्ष गेलं. मुलींना खरं बोलायला शिकवणारी मी बाई, चिखलीच्या शाळेत जागा निघाल्याबरोबर तिकडे पळून गेले. दादा परत कधी डोहावर गेला नाही. रविवारीही दवाखाना उघडा ठेवायला लागला. त्याहून वाईट म्हणजे त्याचा स्वतःवरचा भरवसाच गेला. इंजेक्शन देऊन झाल्यावर वहिनींना हाक मारून विचारायचा, "मी दिलं ना?" जेवणातून उठून कपाटाचं कुलूप बघायला जायचा. आणि पाटी तर कधीच कोरी ठेवायचा नाही. दवाखान्यात असला तरी लिहायचा, 'आत आहे.' दिवसातून दोनतीनदा बाहेर येऊन ते वाचून जायचा. चांगल्या स्मरणशक्तीच्या माणसाला मी विसराळू ठरवलं आणि त्यानं ते मानलं.

दिवस झाल्यावर, चौदाव्या दिवशी सकाळी, मी वहिनींना सगळं सांगितलं. मंदाही तिथंच होती. एकोणीस वर्षांची झाली आहे ती आता. पाणी म्हटलं की तिला आजही नको वाटतं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, घालून पाडून बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सूप बाजूला सारून म्हणाल्या, "मले काऊन सांगता ताई? हे त्याईले सांगायचं होतं."

मी उठून बाहेर आले. दाराशी पाटी तशीच होती. 'आत आहे.' त्याच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरांना घरात कुणी हात लावला नव्हता. आणि पायरीवर खेड्यातली एक बाई बसली होती, मांडीवर तापानं लाल झालेली पोर. बातमी तिच्या गावापर्यंत पोचली नसावी. मला बघून म्हणाली, "डाक्तरसायेब आत हायेत म्हने. बसली हो मी, येऊ द्या त्याईले सवडीनं."

पदराचं टोक हातात होतं, ते मी सोडून दिलं. पाटी खिळ्यावरून काढून उलटी भिंतीला टेकवली. "बाई, डॉक्टर वारले," मी म्हटलं. "इथं बसू नका. उठा, सरकारी दवाखान्यात चला, मी येते बरोबर." आणि तिची पोर मी खांद्यावर घेतली.