चिमटाबाईची मसूर

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक मारताना ते कुणाच्या तोंडी यायचं नाही. शिपायापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळ्यांची ती चिमटाबाई. कोटाच्या वरच्या खिशात लोक पेन लावतात, ही बारीक टोकाचा चिमटा लावायची. शिवाय बोलताना समोरच्याला चिमटे काढायची सवय होतीच, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी चपखल बसलं.

पीक सुधारणेच्या त्या केंद्रात तिच्याकडे मसूर होती. मसुरीचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं. ते उमलायच्या आधीच कळी हलकेच उघडायची, आतले परागकोश एकेक करून काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून तिथं टेकवायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. हात जरा जड पडला की कळी हातात. एवढं करूनही बऱ्याच कळ्या गळून जायच्या. उरलेल्यांतून शेंग धरली, तर तिच्यात एक किंवा दोन दाणे. या कामाला चिकाटी लागते असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, "चिकाटी कसली, मला दुसरं काही जमत नाही."

नवराही तिला या चिमट्यानंच मिळवून दिला. एकदा टोक वाकलं म्हणून ती बाजारातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेली. आतल्या माणसानं डोळ्याचं भिंग न काढताच टोक निरखलं आणि विचारलं, "कुणाचं घड्याळ उघडायला गेला होतात?"

"फुलाचं," ती म्हणाली.

तेव्हा त्यानं भिंग काढून तिच्याकडे नीट पाहिलं. पुढं त्या दोघांचं लग्न झालं, आणि घरात भांडणं व्हायची ती कुणाचा चिमटा कुणी पळवला यावरून.

आई लहानपणीच गेली होती. वाढवलं मावशीनं. मावशी निंदणी करणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. मसुरीचं झुडूप कसंबसं गुडघ्यापर्यंत येतं, आणि तण त्याच्या डोक्यावर चढून बसतं. मुळं एकमेकांत अडकलेली, म्हणून तिथं तण खरवडणारं कोळपं चालत नाही. उकिडवं बसून हातानंच उपटावं लागतं. त्या बायका एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत बसल्या बसल्याच सरकत जायच्या. संध्याकाळी मावशी घरी आली की उंबऱ्याला धरून आधी एक पाय आत घ्यायची, मग दम खाऊन दुसरा. पोरीला वाटायचं, मोठी माणसं अशीच चालत असतील.

शिकून केंद्रात लागल्यावर तिला पहिला प्रश्न पडला तो या निंदणीचाच. गव्हाच्या शेतात फवारा मारला की रुंद पानाचं तण मरतं, गव्हाला धक्का लागत नाही. मसुरीत तसं का जमत नाही? उत्तर साधं होतं. मसूर स्वतःच रुंद पानाची. त्या औषधाला मसूर काय आणि तण काय, सगळे एका माळेचे मणी. तण मारायचं म्हणजे मसूरही मारायची.

मग औषध सोसणारी मसूरच शोधली तर?

ती केंद्रप्रमुखांकडे गेली. ते माणूस म्हणून चांगले, पण नव्या खर्चाचं नाव काढलं की त्यांना खोकला यायचा.

"म्हणजे तुम्ही बियाण्याला एका रसायनात भिजवणार," ते म्हणाले, "त्यानं त्याच्या जनुकांत कुठं तरी बदल होणार, आणि नेमका तोच बदल आपल्या कामाचा निघणार. गवताच्या गंजीत सुई शोधणार तुम्ही?"

"हो सर. पण गंज पेटवून देणार. सुई जळत नाही."

प्रमुख खोकले, हसले आणि त्यांनी सही केली.

बियाणं भिजवलं, धुतलं, पेरलं. पहिल्या पिढीला हात लावला नाही, कारण बदल झाला असला तरी तो झाडाच्या एखाद्याच फांदीत दडलेला असतो. त्या झाडांचं बी गोळा केलं, अर्धं थंड खोलीत राखून ठेवलं, अर्धं पुढच्या हंगामात पेरलं आणि त्या हिरव्यागार शेतावर तणनाशक फवारलं. बघता बघता शेत पिवळं पडलं, मग तपकिरी. आणि मधे काही रोपं हिरवीच राहिली! केंद्रात चहा-बिस्किटं वाटली गेली. प्रमुखांनी फोटो काढून घेतला. चिमटाबाईनं प्रत्येक रोपाशेजारी बांबूची काडी रोवली.

पुढच्या हंगामात त्या रोपांची पिल्लावळ पेरून फवारा मारला, आणि झाडून सगळी मेली. एकही उरलं नाही.

ती तडक जुन्या शेतात गेली. काढायच्या राहून गेलेल्या बांबूच्या काड्या अजून उभ्या होत्या. तेव्हा आनंदाच्या भरात जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. काड्या एका सरळ रेघेत होत्या, जणू पट्टी लावून आखलेल्या. तिनं फवारणीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, एक नोझल तुंबला असणार. तिथं औषध पडलंच नाही."

ती मटकन बांधावर बसली आणि हसायला लागली. काका घाबरले, कारण हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

त्या दिवसांतच मावशी शहरात तिच्याकडे राहायला आली. गुडघ्यांनी पुरता असहकार पुकारला होता. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले. "बदलतात म्हणे," मावशी घड्याळजीला म्हणाली, "तुझ्या घड्याळाच्या चाकांसारखे. तूच का नाही बदलत? घरचं काम आहे."

"मावशी, माझ्या दुकानात तुमच्या मापाचा सुटा भाग नाही," तो म्हणाला. त्या दोघांचं छान जमायचं.

केंद्रात मात्र प्रमुखांचा खोकला वाढला होता. चिमटाबाईनं थंड खोलीतल्या उरलेल्या बियाण्याची आठवण करून दिली, आणखी एक हंगाम मागितला. बरीच घासाघीस झाल्यावर पाण्याच्या टाकीमागचा एक खडकाळ तुकडा मिळाला. यावेळी तिनं आणि काकांनी प्रत्येक नोझल पाण्यानं तपासला. मग एकदा उभी फवारणी, एकदा आडवी. कुणी सुटायला जागाच ठेवली नाही.

आणि खरंच कुणी सुटलं नाही. सगळं शेत करपलं. प्रमुख येऊन बघून गेले. "पुरे झालं आता," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं. "सोमवारी नांगरून टाकू."

सोमवारीच मावशीचं ऑपरेशन होतं. चिमटाबाईनं विनंती केली, "मी परत येईपर्यंत राहू द्या, सर. नांगर फिरताना मला तिथं असायचंय." प्रमुखांनी मान हलवली.

दवाखान्यातले दिवस मावशीला उठवण्या-बसवण्यात गेले. नव्या गुडघ्यावर पहिलं पाऊल टाकताना मावशीनं नर्सला अशा काही शिव्या घातल्या की शेजारच्या खाटेवरची बाई दुखणं विसरून ऐकत राहिली. मावशीला घरी आणून नवऱ्याच्या हवाली केल्यावर चिमटाबाई केंद्रात गेली. ट्रॅक्टर टाकीजवळ येऊन उभाच होता.

"थोडं थांबा," ती चालकाला म्हणाली आणि शेवटचं म्हणून दोन ओळींच्या मधून चालत निघाली. पायाखाली वाळलेल्या काड्या मोडत होत्या. बऱ्याच आत गेल्यावर एका वाळक्या झुडपाच्या बुडाशी तिला हिरवं काहीतरी दिसलं. ती वाकली. तण असेल. पण पानं जोडीजोडीनं, टोकाला मसुरीचा तो सुतासारखा वळणारा नाजूक ताणा. वरचं खोड करपलं होतं, आणि बुडातून नवा फुटवा आला होता. औषधानं त्याला झोपवलं होतं, मारलं नव्हतं.

नांगर सोमवारी फिरला असता तर! तिनं उरलेलं शेत गुडघ्यांवर बसून पालथं घातलं. शेजारी शेजारी आणखी दोन फुटवे सापडले. बस्स. ट्रॅक्टर परत गेला.

यावेळी तिनं बिस्किटं आणू दिली नाहीत. घरी फक्त नवऱ्याला सांगितलं, तेही दबक्या आवाजात, जणू कुणी ऐकून दृष्ट लावेल. बी धरलं, ते पुढच्या हंगामात कुंड्यांत पेरलं आणि वर फवारा मारला. मग ती रोज सकाळी काचघराचं दार उघडायच्या आधी दाराबाहेरच थोडी थांबायची. काही रोपं पिवळी पडून गेली. पण बहुतेक तगली. एका झाडाच्या संततीत तर जवळजवळ चारातली तीन जगली. आनुवंशिकतेचं तीनास एकचं जुनं गणित जसंच्या तसं उतरलं होतं. म्हणजे हा नोझलचा प्रताप नव्हता. हे रक्तातच होतं.

तिनं काकांना हाक मारली. काकांनी कुंड्या पाहिल्या आणि टोपी काढली. "यावेळी माझा काही दोष नाही ना, बाई?"

"यावेळी तुमचंच श्रेय, काका."

पण रोप म्हणजे नुसतं पाप्याचं पितर. दाणा बारीक, शेंग पिकली की तडकून दाणे मातीत. असली मसूर कुणी पेरली नसती. तिची गाठ चांगल्या, भरदार वाणाशी घालायला हवी होती. म्हणजे पुन्हा चिमटा, पुन्हा कळ्या. संकराची रोपं वाढवायची, फवारायची, जगतील त्यांतली देखणी निवडून पुन्हा चांगल्या वाणाशी जुळवायची. औषध सोसण्याचा तेवढा एक गुण ठेवायचा, बाकी सगळा दरिद्रीपणा पिढीगणिक धुऊन काढायचा. यात वर्षं गेली. तिला चष्मा लागला. मावशी काठी टाकून बाजारात जायला लागली.

एकदा मावशी केंद्र बघायला आली. काचघरात स्टुलावर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे औषध मारायचं, तण मरणार, मसूर राहणार."

"हो ना, मावशी."

"आणि आमच्या बायकांनी काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं?"

चिमटाबाई गडबडली. "अगं, तुझे गुडघे बघूनच तर मी..."

"गुडघे माझे गेले. पोट सगळ्यांना आहे."

रागावून नाही बोलली ती. सहज बोलली, म्हणूनच ते लागलं. रात्री जेवताना चिमटाबाईनं हे नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "विचारलंय ते बरोबर विचारलंय." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. तू वाढ."

तो प्रश्न तिनं डोक्यातून जाऊ दिला नाही. शेजारच्या भागात गव्हावर वर्षानुवर्षं एकच औषध मारल्यानं तिथलं तण आता मरेनासं झालं होतं, हे तिला ठाऊक होतं. फवाऱ्यातून वाचलेलं एखादं तणच बी टाकतं आणि पुढं सगळं रान त्याच्याच वंशाचं होतं. तिनं मसूर शोधली होती तीही याच वाटेनं. तणाला ही वाट बंद होती थोडीच! वाण मंजुरीला गेला तेव्हा तिनं सोबत लागवडीच्या शिफारशी लिहिल्या. लागोपाठ दोन हंगाम हेच औषध नको. पीक पालटून घ्या. आणि फवारणीनंतर जे तण उरेल ते बी धरायच्या आत हातानं उपटा.

प्रमुखांनी वाचलं. "बाई, लोक औषध घेतात ते निंदणी टाळायला. तुम्ही परत माणसं लावायला सांगताय?"

"एका फेरीपुरती, सर. उभ्यानं चालत, दिसेल ते उपटत. नाहीतर थोड्या वर्षांत औषध म्हणजे पाणी होईल, आणि आपली मसूर शोभेला उरेल."

"आणि बियाणं तयार करायचे आपले प्लॉट?"

"तिथं तर भेसळीचं एकेक झाड डोळ्यांनी ओळखून काढावं लागतं. त्याला शिकलेली टोळी हवी, कायमची. मी ओळखते एका टोळीला."

प्रमुख खोकले. पण टोळी आली. मावशीनं बोलणी अशी केली की प्रमुखांनी नंतर चिमटाबाईला विचारलं, या बाई आधी कोर्टात होत्या का? सगळ्या बायकांना मात्र काम मिळालं नाही. काही जणी फळं भरायच्या शेडमध्ये गेल्या, एकीनं शिवणयंत्र घेतलं, एक नाराज झाली ती कायमचीच. चिमटाबाई तिला वाटेत भेटली की आपणहून थांबायची. ती कधी बोलायची, कधी नाही.

पहिल्या वर्षी हा वाण मोजक्या शेतकऱ्यांनी लावला. त्यांच्यात एक नवरा-बायको होते, उताराच्या जमिनीवर राहणारे. कापणीच्या सुमाराला चिमटाबाई, घड्याळजी आणि मावशी त्यांच्याकडे गेले. पीक अपेक्षेपेक्षा थोडं कमी होतं, कारण मधे थंडीनं फुलं गळली होती. पण शेत स्वच्छ होतं. ओळीच्या ओळी शेंगांनी वाकलेल्या, आणि मधली माती दिसत होती.

शेतकऱ्याच्या बायकोनं एक झुडूप उपटून हातावर शेंगा चोळल्या. "बरी आहे तुमची मसूर," ती म्हणाली. "या वर्षी पोरीला परीक्षेच्या दिवसांत शेतावर निंदायला बोलवावं लागलं नाही. पण दाणा अजून जरा मोठा करता येईल का?"

"कौतुक आत्ताच संपलं वाटतं," घड्याळजी पुटपुटला.

चिमटाबाईनं दाणे तळहातावर घेतले, उन्हात धरले, चष्मा वर सरकवला. मोठ्या दाण्याचा एक जुना वाण केंद्राच्या संग्रहात होता. उशिरा पिकायचा, पण तो दोष काढता आला असता.

"करता येईल," ती म्हणाली. "पण मला थोडा वेळ द्यावा लागेल."

"घ्या की, आम्ही कुठं पळून चाललोय," शेतकऱ्याची बायको म्हणाली, आणि सगळ्यांना जेवायला घरात घेऊन गेली.