आमच्या वर्गातली जनावरं

आमच्या चर्चच्या शास्त्राभ्यास वर्गात बायबल वाचून होतं थोडं आणि किस्से जमतात फार. ते लिहून ठेवावे लागत नाहीत. बहुतेक किश्शांत गाढव मीच असतो, आणि मंडळी मला ते विसरू देत नाही.

वर्ग ही माझीच कल्पना. नुकताच एम.ए. झालो होतो. आपली माणसं बायबल पाठ म्हणतात, पण त्यातलं कबूतर, मेंढरू, दिवा म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारतच नाही. दोन हजार वर्षं झाली, आणखी किती थांबायचं?

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "रविवारी दुपारी हॉल घे. कापणीच्या सणाला प्रवचन तू कर. तोवर लोकांच्या डोक्यात काही शिरलेलं दिसलं तर वर्ग चालू. नाहीतर हॉल गायनमंडळाला."

गायनमंडळ दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हॉल मोजायला आलं.

*

पहिला धडा गाढवाचा. "राजा युद्धाला निघाला की घोड्यावर, शांतीनं आला की गाढवावर. म्हणून येशू यरुशलेमात गाढवावरून आला," मी टेबलावर हात आपटत सांगितलं.

फिलिपकाका निवृत्त कंडक्टर. चर्चचं पार्किंग तेच बघतात. पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्या मोपेड आत घेतल्या आणि बुलेट गेटबाहेर.

बुलेट एकच होती. माझी.

"काका, बाहेर ऊन आहे."

"युद्धाची वाहनं बाहेर. तूच शिकवलंस."

*

चर्चच्या छतात कबुतरं फार झाली होती. कमिटीनं जाळी मागवली आणि त्याच आठवड्यात मी शिकवलं, कबूतर हे पवित्र आत्म्याचं चिन्ह.

कमिटीवर सुशीलाआत्या आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी जाळी परत पाठवली. "पवित्र आत्म्याला मी जाळी लावणार नाही."

"आत्या, ते नुसतं चिन्ह. ही कबुतरं वेगळी," मी म्हणालो. तेवढ्यात माझ्या उघड्या बायबलवर वरून काहीतरी पडलं.

आत्यांनी चष्म्यातून नीट पाहिलं. "वर पटलेलं दिसत नाही."

*

मग साप. "साप म्हणजे मोह. मोहाला घाबरायचं नाही, समोर उभं राहायचं," एवढं म्हणतोय तोच खिडकीखालच्या अडगळीतून धामण निघाली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी टेबलावर होतो. बाकीचे खुर्च्यांवर पाय वर घेऊन शांत बसले होते. धामण आल्या वाटेनं न जाता सरळ दारातून गेली. नर्सिंगला असलेली ग्रेस दार लावून आली.

"सॅमदादा, उतर खाली. चिन्ह गेलं."

*

न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेळ्या डावीकडे, हा धडा आत्यांना फार आवडला. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातलं ते उजवीकडे, तोंड फिरवलं ते डावीकडे. आत्यांनी त्यात वेळेवर न येणारेही घातले. पुढे तर रविवारच्या उपासनेतही उशिरा येणारा आपणहून डाव्या बाकावर बसू लागला.

मला गेटबाहेर बुलेटला सावली शोधावी लागते, त्यामुळे दर रविवारी उशीर.

"शिकवणारा असलास म्हणून काय झालं? डावीकडे."

*

कापणीचा सण आला. वेदीपुढे द्राक्षांच्या पेट्या, कळवणहून कुणीतरी आणलेले कांदे. पहिल्या रांगेत गायनमंडळ, हॉलच्या किल्लीवर डोळा ठेवून.

मी ठरवलं होतं, देवाचं कोकरू नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. पेठ रोडच्या एका गोठ्यात गेलो, "ते पांढरं द्या एका दिवसापुरतं" म्हटलं, घरी आणून शाम्पूनं धुतलं. मी कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये वाढलेला.

ते काखेत घेऊन व्यासपीठावर चढलो. "मंडळी, या डोळ्यांत बघा. काय हा निरागसपणा. हेच ते कोकरू. उजवीकडच्यांचं चिन्ह."

चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, भारावले.

सुशीलाआत्या उभ्या राहिल्या. "बाळ, ते करडू आहे."

मी खाली पाहिलं. ते माझा टाय खात होतं.

"शेळीचं," मागून फिलिपकाका म्हणाले.

आणि मग अख्खं चर्च, पाळकांच्या प्रार्थनेला उत्तर देतं तसं, एका सुरात म्हणालं, "डावीकडे."

पाळकसाहेबांनी गायनमंडळाकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.