खोलीकाकांची मागची खोली

माझ्या आईने परदेशातली माझी खोली पहिल्यांदा पाहिली ती खोलीकाकांच्या फोनमधून, आणि त्यातही बराच वेळ तिला नुसतं छत दिसत होतं.

"अहो, चित्र अडकलंय," आई मोठ्याने सांगत होती. माणूस जितका लांब तितका आवाज चढवायला हवा, असं तिला आजही वाटतं.

"अडकलं नाही. फोन टेबलावर ठेवलाय. जरा थांबा, मी ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"खोली."

आईने माझ्याकडे पाहिलं. हा माणूस ओळखीच्या ओळखीतून मिळालाय, एक पैसा न घेता खोली बघून देतोय, तेव्हा थोडा चक्रम असणारच, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

खोलीकाका हे नाव अर्थातच विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. कोणे एके काळी ते स्वतः इथे परदेशात शिकायलाच आले होते. पुढे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि तिथेच मुरले. काम असं, की घरोघरी जायचं, नळाचं पाणी बाटलीत भरून घ्यायचं आणि तपासायला आणायचं. त्यामुळे कुठल्या गल्लीत कोण खोल्या भाड्याने देतो, कुणाच्या जिन्यात दिवा नाही, कुणाकडचं गरम पाणी ऐन थंडीत रुसतं, हे सगळं त्यांना ठाऊक. कुणीतरी एकदा भाच्यासाठी खोली बघायला सांगितली, यांनी बघितली, आणि मग सुरूच झालं. तिकडे मायदेशी कुणाच्या मुलाला प्रवेश मिळाला की पेढ्यांच्या आधी यांचा नंबर त्या घरात पोचायचा.

जाहिरातीतल्या फोटोत प्रत्येक खोलीत ऊन असतं. भाडं परवडणारं असलं की आईबापांना ते ऊन खरं वाटायला लागतं. खोलीकाका कामावरून सुटले की त्या पत्त्यावर जायचे. नळ सोडून उलट्या हाताने पाणी बघायचे, कपाटात डोकं घालून कुबट वास येतो का ते पाहायचे. घरमालक नाक मुरडायचे, त्याची यांना फिकीर नसायची. मग सगळ्यांना बाहेर काढून दार लावायचे, फोन टेबलावर उताणा ठेवायचे, आणि अंगातला कोटही न काढता चहा निवून जाईल इतका वेळ पलंगावर गप्प बसायचे. शेवटी एकच शब्द यायचा. 'घ्या' किंवा 'नको'.

आमच्या ऐपतीत बसणाऱ्या खोल्या दोनच होत्या. पहिली तळघरातली, कॉलेजला लागून, स्वतंत्र दार, अगदी शांत. आईचा जीव तिच्यात अडकला होता. दुसरी एका घराच्या वरच्या मजल्यावर. तिथे विद्यार्थी दाटीवाटीने राहायचे, स्वयंपाकघर सगळ्यांत एक, आणि भिंती पुठ्ठ्यासारख्या. काकांनी पहिलीला 'नको' म्हटलं.

"अहो, पण इतकी शांत आहे. मुलीला अभ्यास करायचाय," आई म्हणाली.

"शांत आहे म्हणूनच नको. मी इतका वेळ बसलो, कुणाची पावलं नाहीत, कुणी नळ सोडला नाही, कुणी साधं खोकलं नाही. पोरीला ताप आला तर कळणार कुणाला?"

आमच्या बिल्डिंगमध्ये आजवर कुणीही आईशी वादात जिंकलेलं नव्हतं. तिने निमूट दुसरी खोली घेतली. सुरुवातीला मी त्या दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या. पलीकडच्या खोलीतली मुलगी पहाटेपासून शिंकायची आणि मला न कळणाऱ्या भाषेत फोनवर भांडायची. मग एका संध्याकाळी मला रडू आवरेना. कारण काही नव्हतं, नुसतं बाहेर लवकर अंधारलं होतं. भिंतीवर टकटक झाली. मी नाक पुसून उलट टकटक केली. ती शिंकरी मुलगी पुढे माझी जिवाभावाची मैत्रीण झाली, आणि काकांबद्दलची माझी तक्रार तिथेच मिटली.

खोली मिळाली की मुलांच्या लेखी खोलीकाका संपत. त्यात वाईट वाटून घ्यावं असं काही नाही, न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडल्यावर कोण न्हाव्याची आठवण काढतो? मी टिकले ती त्यांच्या वॉशिंग मशीनमुळे. माझ्या घरी मशीन नव्हतं, त्यांच्याकडे होतं, आणि ते माझ्याच रस्त्यावर पुढे राहायचे. शिक्षण संपलं, मला इथेच नोकरी लागली, तरी दर सुट्टीला कपड्यांचं बोचकं घेऊन मी त्यांच्या दारात हजर.

त्यांचं घर म्हणजे पुढे एक खोली, मागे एक खोली, मध्ये ओटा. खाली कसलंसं गोदाम, वर कचेऱ्या. विद्यार्थी असताना स्वस्त म्हणून घेतलं आणि आजतागायत तिथेच. लग्न करायचं राहिलं, घर बदलायचंही राहिलं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "सामान हलवायचा कंटाळा येतो." सामान कसलं, तर चार भांडी आणि एक रेडिओ. तो रेडिओ मात्र कायम चालू. बातम्या असोत, गाणी असोत, शेअर बाजार असो, काकांचं तिकडे लक्ष नसायचं. मी एकदा आवाज कमी केला तर त्यांनी तो पुन्हा होता तेवढा केला.

आणि मग त्यांच्या पुतणीला इथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. त्यांचा धाकटा भाऊ शाळेत चित्रकला शिकवायचा. घर ओढूनताणून चालणारं. सगळे धरूनच चालले की मुलगी काकाकडे राहणार. भाडं नाही, घरचं माणूस, आणखी काय पाहिजे?

काकांना तर आभाळ ठेंगणं झालं. मागच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या असायच्या, त्या गेल्या. टेबल आलं, फुलाफुलांचा पडदा आला.

"मुलींना कुठला रंग आवडतो?" त्यांनी मला विचारलं.

"कुठल्या मुलींना?"

"तुला."

"मला काळा."

ते हसले आणि त्यांनी भिंतींना पिवळा लावला. नाकाला रंग लागलेला, तसेच कामावर जाऊन आले. एकदा ओट्यापाशी उभे राहून म्हणाले, "आम्हाला दोघांना हा कुकर पुरेल ना गं?" 'आम्हाला' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांना ती पोरगी घरात हवी होती. इतकी हवी होती की मला बघवत नव्हतं.

त्याच सुमारास कॉलेजजवळची एक खोली मोकळी झाली. काकांनीच तिला कुणासाठी तरी 'घ्या' म्हटलं होतं, पण ते लोक ऐनवेळी फिरले. मुलींचं घर, भाडं बेताचं. मालकीणबाईंनी काकांना फोन करून विचारलं, आणखी कुणी आहे का म्हणून. काका सरळ माणूस. त्यांनी भावाला बोलता बोलता तेही सांगून टाकलं.

सुट्टीचा दिवस होता. माझे कपडे मशीनमध्ये फिरत होते. फोनच्या पडद्यावर भाऊ, भावजय आणि मध्ये चेपून बसलेली पुतणी.

"भाडं तसं ओढून नेऊ आम्ही," भाऊ म्हणाला, "पण आपली फुकटची असताना कशाला?"

"काका, तुमची मागची खोली दाखवा ना," पुतणी म्हणाली. "सगळ्यांना दाखवता तशीच. छत दिसलं तरी चालेल."

तिकडे सगळे हसले, काकाही हसले. खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. मला वाटलं, गंमत चाललीय. मागच्या खोलीत आले, टेबलावर फोन ठेवला. मी बाहेर निघाले तर म्हणाले, "बस तू. बोलू मात्र नकोस." मग पुढे जाऊन रेडिओ बंद करून आले, येता येता माझं मशीनही थांबवलं, आणि दार लावून पलंगावर बसले.

मिनिटभर बसून 'घ्या' म्हणाले असते तर कुणाच्या बापाला कळलं असतं? पण त्यांना खोली बघायची दुसरी रीतच येत नव्हती.

आधी ते मजेत होते. चादरीवरून हात फिरवत होते, पडद्याकडे बघत होते. मग हात थांबला. खाली गोदाम बंद, वर कचेऱ्या बंद, पलीकडच्या भिंतीला शेजारच नाही. रेडिओशिवाय ते घर मी कधी ऐकलंच नव्हतं. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता. शेजारी एक माणूस बसलेला असूनही मला भयंकर एकटं वाटलं. एखादं कुत्रं भुंकावं, कुणीतरी जिना उतरावं, म्हणून मी जीव मुठीत धरून वाट पाहत होते. एकदा तर वाटलं, आपणच खोकावं. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते, तेही वाटच पाहत असावेत. कुणीही आलं नाही, काहीही वाजलं नाही.

त्यांनी उठून फोन हातात घेतला.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?" भावाने विचारलं.

"ही खोली. तिकडची घ्या, कॉलेजजवळची. मी उद्या बाईंना कळवतो."

"पण भाऊजी, तुम्ही आहात ना तिथे," भावजय म्हणाली.

"मी सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. सुट्टीला खालीवर चिटपाखरू नसतं. पोरगी दिवसभर कुणाच्या तोंडाकडे बघणार? तिकडे निदान कुणीतरी दार आपटेल, भांडेल, हिचं दूध पिऊन टाकेल."

"दादा, अरे तू रंग लावलास, टेबल आणलंस..."

"रंग चांगला बसलाय. टेबल तिकडे पोचवीन."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, आईला तळघर नको म्हणून सांगितलं तेव्हा होता तसा. पडद्यावर भाऊ आणि भावजय एकमेकांकडे बघू लागले. पुतणी पुढे सरकली, तिचा चेहरा पडदाभर झाला.

"मग काका, तुम्ही कसे राहता तिथे?"

काकांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. रागावले नाहीत, की हसण्यावारीही नेलं नाही.

"मी आलो तेव्हा माझी खोली आधी बघून द्यायला कुणी नव्हतं गं," ते म्हणाले.