मोडकी सायकल न्यायची होती

कुर्डुवाडीला गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅनमधून सायकल उतरवताना मी हमालाला दोनदा बजावलं, जपून. तो म्हणाला, नवीकोरी दिसतीय, घाबरताय कशाला. मी म्हटलं, नवी आहे, पण मोडणारी आहे. मोडायची ती माझ्या हातून, रस्त्यात मोडली पाहिजे. तुमच्या हातून फलाटावर नको. त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि सायकल अलगद खाली ठेवली.

माझं तळेगावात चादरी-टॉवेलचं दुकान आहे. सुरुवात हातगाडीवर झाली, त्याआधी सायकलवरून दूध घालत होतो. माल घ्यायला दरवर्षी सोलापूरला जातो. मागच्या खेपेला तिथल्याच एका दुकानातून ही डोंगरात चालवायची, गिअरची सायकल घेतली. जेवण झाल्यावर दुकानात जो बसलो तो भाव पाडून दिवेलागणीलाच उठलो. पण घरी आणली आणि पहिल्या चढालाच चेन तुटली. मग ब्रेक गेले, मग गिअर अडकला. दुकानदाराला फोटो पाठवले तर म्हणाला, फोटोत काय कळतंय. फोनवर आवाज चढवला तर म्हणाला, "शेठ, सायकल झकास आहे. दोष चालवणाऱ्यात आहे."

ज्याचं निम्मं आयुष्य सायकलवर गेलं त्याला हे ऐकवणं! शेवटी त्यानंच तोडगा काढला. सायकल सोलापूरपर्यंत चालवत आणा, वाटेत जे मोडेल ते मोडलेलंच माझ्या पुढ्यात ठेवा, नवी देतो. म्हणून मी कुर्डुवाडीला उतरलो होतो. माढा, मोहोळ करत दोन दिवसांत सोलापूर गाठायचं आणि पुरावा जसाच्या तसा न्यायचा.

सायकलनं मला निराश केलं नाही. गाव संपायच्या आत मागचा गिअर वाकून चाकाच्या स्पोकला घासायला लागला. मी खुशीत उतरलो आणि ढकलत निघालो. रस्त्याकडेच्या घरासमोर लेंगा-बनियनवर बसलेले एक गृहस्थ उठून आडवे आले. महादेव फिटर. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. माझ्या हातून सायकल घेऊन त्यांनी ती उलटी केलीसुद्धा.

मी सगळी हकिकत सांगितली. मला ती अशीच न्यायची आहे, म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन पाना आणला आणि गिअरचा वाकलेला पत्रा हळूहळू सरळ करायला लागले. मी त्यांचा हात धरला. आयुष्यभर मी दर कमी करून घ्यायला हुज्जत घातली आहे. काम करू नका म्हणून हुज्जत घालायची ही पहिलीच वेळ.

"मोडकी गाडी यार्डाभाईर सोडलेली न्हाय कदी," ते म्हणाले. "आता रिटायर झालो म्हणून सोडू व्हय?"

"अहो, पण माझी सायकल आहे ना?"

"तुमचीच हाय की. मी कुटं ठिवून घेतोय?"

गिअर असा चालायला लागला की नवीन असतानाही तसा चालला नव्हता. पैसे विचारले तर म्हणाले, ते राहू द्या, निकाल काय लागतो ते कळवा. रोज संध्याकाळी ते स्टेशनावर चक्कर मारतात म्हणे. मी तणतणत निघालो. पण मनात म्हटलं, हात काय आहे या माणसाचा.

माढ्याच्या बाजूचा मुलूख मी आजवर गाडीच्या खिडकीतूनच पाहिला होता. सायकलवरून तो वेगळा दिसतो. काळी रानं, त्यात कमरेच्या वर आलेली शाळू ज्वारी, मधूनच ऊस आणि डाळिंबाच्या बागा, आणि डोक्यावर एवढं आभाळ की नजर ठरत नाही. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जातात, त्या दिसायच्या आधी ऐकू येतात. अशाच एका ट्रॉलीला वाट द्यायला मी कडेला घेतलं आणि चाक खाली पडलेल्या बाभळीच्या काटेरी फांदीवर चढलं. मागचं टायर बोटभर फाटलं, ट्यूब बसली.

पुन्हा खूश झालो. तेवढ्यात बांधावरून हाक आली, "दादा, या हुरडा खायला." शेताची मालकीण सुमनबाई आगटीपाशी (हुरडा भाजण्यासाठी शेणी पेटवलेला खड्डा) बसली होती. गरम कणसं हातावर चोळून तिनं हुरडा माझ्यापुढं ठेवला, वर शेंगाची चटणी. असा हुरडा मी विकत घेऊन कधी खाल्लेला नाही; मुळात तो विकत मिळत नसावा. खाता खाता तिनं विचारलं, कुठं निघालात. सांगितलं. सायकल कसली, विचारलं. डोंगरात चालवायची, म्हणालो. तिनं चारी दिशांना बघितलं.

"मग डोंगर मागनं येतोय का?"

मी हसलो, आणि तिथंच फसलो. हसणाऱ्या माणसाला सावध राहता येत नाही. मी हात धुऊन येईपर्यंत तिनं टायर रिमवरून ओढून काढलं होतं. ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा उभा चिरून ती फाटल्या जागी आतून बसवत होती. ट्यूबवर ठिगळ लावायचं सामान झोपडीत होतंच. शेतावरची सायकल महिन्यातून चारदा काट्यानं बसते म्हणाली. मी ओरडलो, बाई, मला भांडायला जायचंय, माझा पुरावा आहे तो.

"भांडायला चालत गेलं तर दमून जाताल," ती म्हणाली. "बसून जावा. तितं गेल्यावर तरी जोर राहील."

मी सायकलवर टांग टाकली. हुज्जतीत मला हरवणारी माणसं थोडी आहेत.

मोहोळच्या अलीकडं डाव्या बाजूचं पायडल गळून पडलं. या वेळी मी शहाणा झालो होतो. पायडल पिशवीत घातलं, पिशवी हँडलला बांधली, आणि कुणी काही विचारलं तर व्यायाम करतोय सांगत चालत गावात शिरलो. लॉजवर कडक भाकरी (महिनाभर टिकणारी, पापडासारखी ज्वारीची भाकरी) आमटीत कुस्करून खाल्ली आणि सायकल जिन्याखाली लावून झोपलो. सकाळी बघतो तर पायडल जागेवर, आटे घट्ट आणि सायकल धुतलेली. मॅनेजरला धरलं. कुणी केलं ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, दारात मोडकी गाडी दिसली की गिऱ्हाईक माघारी जातंय.

आता माझ्याकडं दाखवायला काही उरलं नव्हतं. हायवेनं जाताना मी मुद्दाम खड्ड्यातून घातली. सोलापूरच्या वेशीवर देव पावला. मागच्या चाकावर चेन ज्या दातेरी चक्रावरून फिरते त्या फ्रीव्हीलमधून कडकड आवाज आला आणि पाय नुसतेच फिरायला लागले. सायकल जागेवर. असा पुरावा मला मागूनही मिळाला नसता. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. त्याआधी सामान टाकायला पूर्व भागातल्या नरसय्याकडं गेलो. हा माझा टॉवेलवाला. आमचं भांडण दर मोसमाला होतं आणि माल मी दुसऱ्याकडून घेत नाही.

यंत्रमागांच्या खटखटीत त्याला ओरडूनच सगळं सांगावं लागलं. तो घरात तेलुगूत काहीतरी बोलला, आतून चहा आला. मी चहा पीत होतो. माझी पाठ सायकलकडं होती. चूक तीच.

वळून बघितलं तर नरसय्यानं मागाची बारीक तार घेऊन फ्रीव्हील स्पोकला आवळून बांधलं होतं. चारी बाजूंनी, सारख्या अंतरावर, गाठी आत वळवलेल्या. तुटलेला धागा दिसला की या लोकांचा हात आपोआप जातो, तसाच तो गेला असणार. मी कपाळावर हात मारला.

"माझ्या दारातून तुमी सायकल ढकलत गेलात," तो म्हणाला, "तर पेठेत लोक म्हणणार, नरसय्यानं शेठला बुडवलं. हे बरं हाय का? जावा. फक्त पाय थांबवू नका."

पाय थांबवता येतच नव्हते. चाक फिरेल तसं पायडल फिरणार. अशा सायकलीवर मी भर बाजारातून, रिक्षांना शिव्या घालत, पाय मारत दुकानाच्या पायरीपर्यंत पोचलो.

दुकानदार बाहेर आला. गिऱ्हाइकं होती. त्यानं सायकलभोवती फेरी मारली.

"कुर्डुवाडीहून चालवत आणली?"

"हो."

तो गिऱ्हाइकांकडं वळला. "बघा. आपला माल. कुर्डुवाडीहून."

मग माझा ताबा सुटला. सायकल तिथंच उलटी केली. हा पत्रा महादेव फिटरनं सरळ केला, म्हणून गिअर स्पोकला घासत नाही. हे टायर सोड, आत बघ, माढ्याच्या रानातली नळी आहे. हे पायडल मोहोळचं. ही तार बघ, हिच्यासारखी एक गाठ तुझ्या दुकानात कुणाला मारता येते का सांग. तुझा माल नाही हा, यांचा आहे. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी भांडतोय त्यापेक्षा कौतुकच जास्त करतोय, आणि गिऱ्हाइकं वाकून तार बघतायत.

दुकानदार धंदेवाला होता. कुठं थांबायचं ते त्याला कळलं. "ठीक आहे शेठ. ही ठेवा, नवी न्या."

मी जिंकलो होतो. पण सौदा पटला की आणखी थोडं मागायचं ही माझी जुनी रीत. म्हटलं, मागचं टायर मात्र मला काढून द्या. तो हो म्हणाला. मग म्हटलं, गिअर पत्र्यासकट द्या. बरं, म्हणाला. मग पायडल मागितलं. मग तार बांधलेलं अख्खं चाक.

"मग माझ्याकडं राहिलं काय?" त्यानं विचारलं.

"फ्रेम. आता एकट्या फ्रेमचं तुम्ही काय करणार?"

तो बघतच राहिला. "मग एवढ्या लांब आला कशाला?"

"दोष चालवणाऱ्यात आहे म्हणालात, ते मागं घ्या."

गिऱ्हाइकांसमोर त्यानं ते मागं घेतलं. फ्रीव्हील नवं बसवून दिलं, त्याच्या खर्चानं. तार मी सोडवून खिशात घातली. जुनीच घेऊन नवी सायकल सोडून आलो हे घरी कळल्यावर माझा हिशेब कच्चा ठरला आहे. ठरू दे. नवी घेतली असती तर सगळं पहिल्यापासून मोडलं असतं, आणि तळेगावात बांधावरून हाक कोण मारणार?

परतीची गाडी संध्याकाळी कुर्डुवाडीला थांबली. महादेव फिटर फलाटावर होते, या खेपेला इस्त्रीच्या सदऱ्यात. मी खिडकीतून हाक मारली. निकाल ऐकायला येतील म्हणून मी सगळी कहाणी जुळवून ठेवली होती. ते जवळ आले आणि माझ्याकडं न बघता मागच्या ब्रेकव्हॅनकडं बघत त्यांनी विचारलं,

"गिअर घासला का परत?"

"नाही."

"मग जिंकलो की," ते म्हणाले आणि चहाच्या गाड्याकडं वळले.