रडू द्या म्हणणारी पुस्तकं

आमच्या घरात मुलं वाढवायचं पहिलं पुस्तक सासऱ्यांनी आणलं. ते शाळेत हेडमास्तर. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मी मामा म्हणायची. माझा मुलगा तेव्हा तान्हा होता. पुस्तकाला खाकी कव्हर घालून त्यांनी ते घड्याळाखालच्या फळीवर ठेवलं, आणि जागा बरोबरच होती, कारण त्यातला सगळा कारभार घड्याळाचा. ठरल्या वेळी पाजायचं. मधे रडलं तर रडू द्यायचं, त्यानं छाती मोठी होते. सारखं उचललं की मूल लाडावतं आणि आईला नाचवतं.

मुलगा आत रडायचा आणि मी चौकटीत उभी. पदर दुधानं भिजायचा. माझी आई सीमेपलीकडच्या गावची, घरात कानडी बोलणारी. ती एकदा भेटायला आली, नातवाचा आवाज ऐकला आणि मला म्हणाली, "एत्तिको." म्हणजे उचल त्याला. ओसरीवरून मामा म्हणाले, "विहीणबाई, पुस्तकात लिहिलंय." आईला अक्षर येत नव्हतं. ती पदर सावरून खाली बसली. सासूबाईंनी स्वतःची सगळी लेकरं कडेवर वाढवलेली, त्या चुलीकडं वळल्या.

त्या दिवसापासून माझं त्या पुस्तकाशी भांडण आहे. ते मिटलेलं नाही आणि मला मिटवायचंही नाही.

पुढं मी लोहारा गावच्या बाजारात बसायला लागले. लोकांकडून जुन्या भांड्यांची मोड आणि रद्दी घ्यायची, बदल्यात स्टीलचं भांडं द्यायचं. त्याचं आज दुकान झालं ते माझ्या तोंडामुळं, असं लोक म्हणतात. खोटं नाही. रद्दीत मास्तरांच्या, साहेबांच्या घरची पुस्तकं यायची. मुलं वाढवायचं पुस्तक दिसलं की मी बाजूला काढायची. एक मामांच्या पुस्तकाहून जुनं होतं. त्यात आईनं देशासाठी शूर मुलगे घडवायचे होते, मुलींचं जे काय ते शेवटच्या पानांत उरकलेलं. एक पातळसं, वर गुबगुबीत बाळ; आईचं दूध पुरत नाही, डब्याचं पाजा, असं सांगणारं. मग काही वर्षांनी आलेलं एक, आईचं दूध म्हणजे अमृत आणि डबा पाजणारी बाई जवळजवळ गुन्हेगार. अलीकडची तर मूल पोटात असल्यापासून त्याला हुशार करायला निघालेली.

मी दुकानदार आहे. काल विकलेला माल खराब निघाला तर गिऱ्हाईक दारात येतं आणि मला तोंड द्यावं लागतं. या पुस्तकांना कुणी विचारलं नाही. आधी लिहिलं ते चुकलं, ज्या बायांनी ऐकलं त्यांच्यापुढं हात जोडतो, असं एकाही पुस्तकाच्या पहिल्या पानावर मला सापडलेलं नाही. मी शोधलंय.

आता नातू झाला. सून सोलापूरची, इथं बँकेत आहे. तिची सुट्टी संपत आली होती आणि बाळाला सोलापूरला माहेरी ठेवायचं तिच्या मनात होतं. माझ्या दुकानात धूळ, मोडीचे ढीग आणि माझा आवाज. तिच्या उशाशी जाड, गुळगुळीत पुस्तक. एका दुपारी मी ते उघडलं. मूल रडलं की लगेच जवळ घ्या, लिहिलं होतं. उचलल्यानं मूल बिघडत नाही. मी ते पान धरून दाराकडं वळले. दाखवणार कुणाला? मामा नाहीत, आईही नाही.

पान उलटलं तर पुढं लिहिलेलं, बाळाच्या गळ्यात काही बांधू नका, फास बसतो. मी पाळण्याकडं पाहिलं. आमच्या लिंगायतांत मूल जन्मलं की स्वामी येऊन गळ्यात लिंग बांधतात. चांदीच्या डबीतलं ते लिंग नातवाच्या गळ्यात नव्हतं.

"आत्या, मी काढलं," सून म्हणाली. "दोरा गळ्यात नको. पुस्तकात लिहिलंय."

तेच शब्द. मग मी जे बोलले ते शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवून ऐकलं. सून रडली नाही. माझं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "ओरडून भाव तुटत नाही, तुम्हीच सांगता. बसा आणि ठरवा."

मी बसले. "काय देतीस?"

"लिंग पाळण्याला बांधू. वर, त्याचा हात पोचणार नाही तिथं."

"अन् पोरगं?"

"तुमच्यापाशी. दुकानात."

"सोलापूर?"

"सुट्टीत जाईल."

"गुटी?"

"नाही."

"तेल?"

"अंगाला चालेल. नाकाकानात नको."

"आणि रडला तर?"

"उचला की. त्यात विचारताय काय?"

गुटीसाठी मी आणखी ताणलं असतं. पण हे शेवटचं ऐकलं आणि सौदा तिथंच पक्का केला.

आता दुकानात छताच्या आडूला झोळी बांधलीय, वरच्या कडीला लिंग. परवा लग्नासाठी मोठं पातेलं घ्यायला एक म्हातारा आला. भाव अगदी जमत आला होता, तेवढ्यात नातू रडला.

"रडू द्या की बाई," म्हातारा म्हणाला. "रडल्यानं छाती मोठी व्हती. आपल्या आज्या-पणज्या हेच म्हणायच्या."

"कुणाच्या आज्या?" मी विचारलं. "माझी आजी असं न्हाय म्हणली. तुमची म्हणली व्हती?"

"आजीचं न्हाय आठवत. शाळंत गुरुजी सांगायचे."

"ते माझे सासरे," मी म्हणाले आणि उठले.

"अवो, शेवटचा भाव तरी सांगा. जीप सुटंल माझी."

"पोरगं गप्प झालं की सांगते."

मी नातवाला खांद्यावर घेतलं आणि पाठ फिरवून चकरा मारायला लागले. म्हातारा जीपकडं निघून गेला. पातेलं अजून दुकानातच आहे.